नऊ चाळीसचं कार्ड

घळसासीबाईंचा फोन आला तेव्हा ऑफिसातल्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

"श्रीपाल, दक्षिणतीरचे सगळे विकून टाक."

"सगळे? बाई, चार हजार आहेत."

"मला मोजता येतात. सगळे वीक. मिळेल त्या भावाला."

"पण झालं काय?"

"काल कार्डं आणायला पोस्टात गेले होते. रांगेत दक्षिणतीरचा कॅशियर उभा. तो निशिकांत, तुझ्याच वर्गातला. आईची बँकेतली ठेव मोडून पोस्टात ठेवायला आला होता. मला बघून मान खाली घातली त्यानं. आचारीच घरून डबा आणायला लागलाय, श्रीपाल."

"बरं बाई. टाकतो लगेच."

"टाक. कार्ड पाठवतेच."

फोन ठेवल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं ते उगाचच. तेव्हा त्या वेळेची धास्ती नव्हती. आता आहे. गेली कित्येक वर्षं मी सकाळी नऊ चाळीसला काही ना काही काम काढून घड्याळाकडे पाठ करतो.

सांगलीत गणपती पेठेतल्या एका जिन्यावर माझं ऑफिस होतं. मुंबईच्या एका दलालाच्या हाताखाली मी लोकांचे शेअर घेऊन-विकून द्यायचो. घळसासीबाई माझ्या गणिताच्या बाई. आठवीपासून दहावीपर्यंत त्यांनी मला शिकवलं आणि दोनदा वर्गाबाहेर काढलं. त्यांचे यजमान पोस्टमास्तर होते. मास्तर वारले तेव्हा मागं एक घर ठेवून गेले, बँकांचे आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे थोडे शेअर ठेवून गेले आणि एक नियम. फोनवर सांगितलेला व्यवहार त्याच दिवशी पोस्टकार्डावर लिहून पक्का करायचा. कुठला शेअर, किती, ठेवा की कमी करा की वाढवा, आणि फोन किती वाजता केला ती वेळ. बाई तो नियम देवपूजेसारखा पाळायच्या. माझ्याकडं त्यांच्या कार्डांचा हा एवढा गठ्ठा झाला होता. मी हसायचो. "बाई, जग कुठं चाललंय आणि तुम्ही पन्नास पैशांच्या कार्डावर," असं एकदा म्हणालोही होतो. "चुकलेला फोन परत ऐकता येत नाही, कार्ड परत वाचता येतं," असं त्यांनी मला सुनावलं होतं.

ते कार्ड पेटीत टाकायचं काम मंजूचं. मंजिरी, बाईंची एकुलती एक. तेव्हा अडतिसाची असेल, पण समज सहा-सात वर्षांच्या मुलीची. तासगाव रस्त्यावरच्या एका निवासी संस्थेत राहायची आणि शनिवार-रविवारी किंवा सणावाराला घरी यायची. घरी असली की कार्डाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ती पेटीत कार्ड टाकायची, आत कान लावून ते पडल्याचा आवाज ऐकायची आणि मगच हलायची. पुढच्या खेपेला आईबरोबर माझ्याकडं आली की खुर्चीत बसायच्या आधी विचारायची, "दादा, पोचलं?"

"पोचलं, मंजू."

मग तिचा सगळा चेहरा हसायचा. तिच्या आयुष्यात तिनं पार पाडलेलं आणि लोकांनी मानलेलं असं हे एकच काम होतं.

या मंजूची वर्षाची फी छत्तीस हजार. दक्षिणतीर बँक शेअरला नऊ रुपये लाभांश द्यायची. चार हजार गुणिले नऊ. मास्तरांनी हा हिशोब घालूनच शेअर जमवले होते, एकेक करून, पंधरा वर्षं. बाईंचं पेन्शन बाईंना पुरायचं, आणि मंजूचं दक्षिणतीरवर चालायचं.

दरवर्षी जूनमध्ये बाई बँकेचा अहवाल घेऊन माझ्याकडं यायच्या. फाइलच्या आतल्या बाजूला मास्तरांनी लिहिलेलं एक कार्ड चिकटवलेलं होतं. त्यावर बारीक, सरळ अक्षरात: "नफा वाढून लाभांश वाढला तर ठेवा. अशा वेळी भाव पडला तर थोडे वाढवा. नफा घटूनही लाभांश वाढला तर कमी करा. घरात दाणा नसताना जेवणावळी घालणाऱ्याच्या पंगतीला बसू नये."

याच नियमानं बाईंनी दोन कंपन्यांमधून वेळेवर पाय काढला होता. मी चार पुस्तकं वाचून जे सांगायचो ते मास्तरांच्या कार्डात बसायचं.

फोनच्या आधी महिनाभर, त्या वर्षीच्या जूनमध्येही बाई आल्या. दक्षिणतीरचा नफा घटला होता आणि लाभांश नवाचा दहा झाला होता.

"कमी करा, असं दिसतंय," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "निम्मे काढूया?"

"एका वर्षाच्या नफ्यावरून घाई नको बाई. थकीत कर्जं थोडी वाढलीयत, त्यासाठी बाजूला पैसे काढले म्हणून नफा कमी दिसतोय. उलट हे चांगलं लक्षण. मी तर म्हणेन वाढवा."

"पण मग लाभांश कशाला वाढवला? बाजूला काढायला पैसे लागतायत, तर वाटायला कुठून आले?"

दहावीत फळ्यापुढं उभं करून विचारायच्या तसंच विचारलं त्यांनी. मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "भागधारकांचा विश्वास राहावा म्हणून असेल."

"तुझे आहेत का रे यात?"

"आहेत थोडे."

"मग ठीक आहे. ठेवूया," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली.

थोडे म्हणजे तीन हजार. घर तारण ठेवून कर्ज काढलं होतं आणि त्यात घेतले होते. आणखी एक गोष्ट मी बाईंना सांगितली नाही. दक्षिणतीरमध्ये फार उलाढाल नसायची. दिवसाला दोन-तीन हजार शेअर इकडचे तिकडे व्हायचे. बाईंनी दोन हजार काढले असते तर भाव घसरला असता आणि माझे तीन हजार त्याखाली सापडले असते. म्हणून मी त्यांना ठेवा म्हणालो. त्यांना वाटलं, हाही आपल्याच पंगतीत बसलाय म्हणजे जेवण बरं असणार.

तर त्या सकाळी, नऊ चाळीसला, फोन ठेवल्याबरोबर मला कळलं की बाईंचं बरोबर आहे. निशिकांत भित्रा खरा, पण मूर्ख नव्हता. स्वतःच्या बँकेतली आईची ठेव कुणी मजेत मोडत नाही.

समोर स्क्रीनवर दक्षिणतीर दोनशे चौदा रुपयांवर होता. मी विकण्याची ऑर्डर भरायला घेतली. ग्राहकाचं नाव भरायच्या जागी बोट थांबलं, आणि मी माझं नाव भरलं.

एवढंच आहे ते. आधी पोटोबा मग विठोबा, असं मनात म्हटल्याचंही आठवतं. म्हणजे मला त्यात थोडं हसूही आलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

शंभर-शंभर, दोनशे-दोनशे करत मी माझे विकत बसलो. एकदम टाकले असते तर भाव कोसळला असता. चहा आला, तो तसाच निवला. दोनशे सात, एकशे नव्याण्णव, एकशे ब्याण्णव. माझ्याच विक्रीनं भाव उतरत होता आणि मी मनाशी म्हणत होतो, अजून पाचशे, मग बाईंचे. अजून तीनशे. साडेअकराला माझा शेवटचा शंभराचा तुकडा गेला. मी खुर्चीत मागं टेकलो आणि मला खरोखर हलकं वाटलं. पुढचं सगळं त्या वीस-पंचवीस मिनिटांत झालं. टीव्हीवर पट्टी आली, दक्षिणतीरच्या कर्जांची तपासणी लागल्याची. जुनी बुडीत कर्जं फेडायला त्याच लोकांना नवी कर्जं दिली होती, असं काहीतरी. मी धडपडत बाईंची चार हजारांची ऑर्डर टाकली तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

दीडशे गेले, एकशे एकाहत्तरच्या भावानं. त्यानंतर एका दिवसात जेवढा भाव पडू देतात तेवढा पडून कुलूप लागलं. विकणारे लाखांनी आणि घेणारा एकही नाही.

साडेबाराला बाईंचा फोन आला.

"किती गेले?"

"दीडशे."

"बाकीचे?"

"घेणाराच नाही, बाई."

पलीकडं मागं मंजू काहीतरी गुणगुणत होती. तिला ताप येऊन गेल्यामुळं ती त्या आठवड्यात घरीच होती.

"किती वाजता टाकलंस?"

"तुमचा फोन ठेवला आणि लगेच."

"बरं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो कुलूप लावूनच, तिसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचं कार्ड आलं. "आज सकाळी ९.४० वाजता फोनवर सांगितल्याप्रमाणे दक्षिणतीरचे सर्व ४००० विकावेत. मिळेल तो भाव. कळावे." मी दार लावून घेतलं आणि कार्डाचे तुकडे केले. पोस्टकार्ड जाड असतं, फाडायला वाटतं त्यापेक्षा जोर लागतो. तुकडे खिशात घालून घरी नेले आणि बंबात टाकले.

का फाडलं? नऊ चाळीस हा आकडा जगात तेवढ्या एकाच कागदावर होता म्हणून. व्यवहाराची पावती मुंबईहून थेट ग्राहकाच्या घरी जायची, तिच्यावर ऑर्डर टाकल्याची वेळ बारीक अक्षरात छापलेली असायची. ती थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण ती बारीक अक्षरं या गडबडीत कोण वाचतं? आणि वाचली तरी तिच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडा नसला म्हणजे झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

पुढच्या आठवड्यात दोघी ऑफिसात आल्या. भाव तोवर नव्वदवर आला होता आणि अजून कुलूपच होतं. बाई दमलेल्या दिसत होत्या. मंजूनं नवा फ्रॉक घातला होता. ती खुर्चीजवळ आली आणि नेहमीसारखी उभी राहिली.

"दादा, पोचलं?"

नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. पण पोचलं म्हटलं असतं तर बाईंनी कार्ड मागितलं असतं. व्यवहार फसला की फोनची वेळ आणि पावतीची वेळ त्या ताडून बघायच्या, ही त्यांची रीत मला माहीत होती.

"नाही गं, मंजू," मी म्हणालो. "या वेळी नाही पोचलं."

तिला आधी कळलंच नाही. ती हसत उभी राहिली. मग हसू हळूहळू गेलं.

"मी टाकलं."

"टाकलं असशील गं. पण आलं नाही."

"मी टाकलं. आवाज आला. आई, मी टाकलं ना?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. पोस्टमास्तरांची बायको ती. पंचवीस वर्षांत सांगलीतल्या सांगलीत टाकलेलं एक कार्ड गहाळ झालेलं तिनं ऐकलं नव्हतं.

"टपालात होतं कधी कधी, मंजू," त्या म्हणाल्या. "चल."

मंजू जिना उतरेपर्यंत म्हणत होती, "मी टाकलं. आवाज आला." खाली रस्त्यावरूनही मला ते ऐकू आलं. मी खिडकी लावून घेतली.

वर्षभरात दक्षिणतीर दुसऱ्या मोठ्या बँकेत गेली. ठेवीदारांचं निभावलं, शेअरवाल्यांच्या हाती भोपळा. माझं घर मात्र सुटलं. तीन हजार शेअरांचे पैसे भरून मी तारण सोडवलं होतं, बायकोनं त्या आनंदात पेढे वाटायला काढले आणि मी तिच्यावर खेकसलो. तिला कारण कधी कळलं नाही.

बाईंनी मंजूला घरी आणलं आणि सहासष्टाव्या वर्षी शिकवण्या सुरू केल्या. आठवी-नववीची पोरं ओसरीवर बसायची आणि मंजू खडू वाटायची. मी एकदा पाकीट घेऊन गेलो.

"हे कशाचे?"

"असेच, बाई. मंजूसाठी."

"असेच पैसे मी घेत नाही, श्रीपाल. लाभांश असता तर घेतला असता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. चहा दिला, बायकोची चौकशी केली. मंजू मात्र दाराआड उभी होती आणि मी हाक मारली तरी बाहेर आली नाही. बाईंनी हळूच सांगितलं की ती आता पेटीजवळ जात नाही. कार्ड हातात दिलं तर खाली ठेवते. "म्हणते, माझं पोचत नाही."

मी तिथून निघालो तो थेट कृष्णेच्या घाटावर जाऊन बसलो. सांगून टाकावं असं त्या दिवशी शंभरदा वाटलं. आत्ता उठावं, परत जावं, मंजूला म्हणावं की तुझं पोचलं होतं. मी उठलो आणि घरी गेलो.

पाच वर्षांनी बाईंना पक्षाघात झाला. उजवा हात गेला. मंजूला पुन्हा संस्थेत ठेवायची वेळ आली, आणि फी आता वर्षाला लाखावर गेली होती. मी संस्थेच्या अधीक्षिका हुद्दारताईंना भेटलो आणि सांगितलं की फी मी भरीन, नाव कुठं येऊ देऊ नका. बाईंना सांगा, कुणी देणगीदार आहे. त्यांनी तसंच सांगितलं. बाईंनी पुढं काही विचारलं नाही, असं हुद्दारताई म्हणाल्या. मला बरं वाटलं. वाटलं, सुटलो एकदाचा.

पुढच्याच वर्षी डिसेंबरात बाई गेल्या. मी खांदा द्यायला होतो. मंजू रडली नाही, आईच्या उजव्या हाताची बोटं मोजत बसली होती.

आता माझ्या हलकटपणाचा शेवटचा भाग सांगतो. मे महिन्यात मी हुद्दारताईंना फोन केला. मुलाचं परदेशी शिक्षण निघालं होतं, धंदा मोबाइलनं खाल्ला होता. "जुलैपासून मला निम्मीच झेपेल," मी म्हणालो.

"मग मंजूला स्वतंत्र खोली नाही देता येणार," त्या म्हणाल्या. "मोठ्या हॉलमध्ये घालावं लागेल. तिला गर्दीचा त्रास होतो, तुम्हाला माहितीय."

"सवय होईल."

"बघा, साहेब. तुमची मर्जी."

बाई असताना हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते. आता विचारणारं कोण होतं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, ऑफिसच्या दारातून पोस्टमननं एक कार्ड आत सरकवलं. किती वर्षांनी कार्ड आलं म्हणून मी कौतुकानं उचललं. अक्षर वेडंवाकडं होतं, डाव्या हातानं काढलेलं, पण ओळी सरळ होत्या.

"चि. श्रीपाल यास अनेक आशीर्वाद. मंजूच्या फीबद्दल. देणाऱ्याचे नाव संस्थेने सांगितले नाही, मला सांगण्याची गरजही नव्हती. माझ्यामागे निर्णय असा: ठेवावे. कमी करू नये. वाढवता आले तर पाहावे. मुंबईची पावती मी तेव्हाच वाचली होती. या कार्डावर वेळ लिहिलेली नाही. ती तुला माहीत आहे. कळावे. कुमुद घळसासी."

ती सात वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली. चहा देताना, बायकोची चौकशी करताना, संक्रांतीला तिळगूळ देताना त्यांना ते माहीत होतं. उत्तरपत्रिकेतल्या खाडाखोडीखालचा आकडा वाचणारी बाई ती, मी कुणाला फसवत होतो? त्यांनी मला ओरडून मोकळं केलं नाही. एक दिवस मंजूसाठी माझा उपयोग होईल म्हणून मला तसंच ठेवून दिलं. मला त्यांची भीती वाटली, आणि मग मी पोरासारखा रडलो.

संध्याकाळी संस्थेत गेलो. हुद्दारताईंना सांगितलं की फी आहे तशी राहील, खोली बदलू नका. मग विचारलं, "हे कार्ड कुणी टाकलं?"

"मंजूनं. आईनं तिच्याजवळ देऊन ठेवलं होतं, मी गेल्यावर टाक म्हणून. सहा महिने ट्रंकेत होतं. आम्ही कितीदा म्हटलं, दे, आम्ही टाकतो, तर द्यायची नाही. टाकायचीही नाही. गेल्या सोमवारी स्वतःच उठली आणि म्हणाली, पेटीकडे न्या."

मंजू व्हरांड्यात बाकावर बसली होती. केस पांढरे झाले होते. मला बघून तिनं पाय जवळ घेतले आणि फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. मी तिच्या शेजारी बसलो. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. मग भिंतीकडंच बघत, अगदी हळू, तिनं विचारलं.

"दादा, पोचलं?"

"पोचलं, मंजू." मी म्हणालो. "आणि ते मागचंही पोचलं होतं."

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आवाज आला होता," ती म्हणाली.